धावत्या गाडीतून टाकलेला नारळ मागे जात नाही

चालत्या गाडीतून बाहेर टाकलेली वस्तू मागे जाते, असं लोकलने रोज प्रवास करणाऱ्या पुष्कळांना वाटतं. तसं वाटायला कारणही आहे. वेफर्सचं रिकामं पाकीट दारातून सुटलं की क्षणात मागच्या डब्यांकडे उडत जातं. पण नारळाचं तसं होत नाही, आणि हा फरक ठाऊक नसल्याने माणसाचा जीव जाऊ शकतो.

आधी डब्याच्या आत काय घडतं ते पाहू. गाडी ताशी 72 किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला 20 मीटर धावते आहे. तुम्ही जागच्या जागी फूटभर उंच उडी मारली तर साधारण अर्धा सेकंद हवेत राहता. तेवढ्यात गाडी 10 मीटर पुढे गेलेली असते, तरी तुम्ही उतरता त्याच जागी. ‘डब्यातली हवा आपल्याला पुढे ढकलते’ असं याचं कारण अनेक जण सांगतात. ते चूक आहे. पाय जमिनीवरून सुटले तेव्हा तुमच्या अंगात गाडीचा वेग होताच आणि अर्ध्या सेकंदात तो कुणी काढून घेतला नाही. डब्यातली सगळी हवा काढून टाकली तरी उडी तिथेच पडेल.

घोंगावणाऱ्या माशीची गोष्ट वेगळी, तिथे हवा खरंच कामाला येते. माशी मिनिटभर अधांतरी राहते ती हवेच्या आधाराने, आणि बंद डब्यातली हवा गाडीबरोबर चाललेली असते. म्हणून माशीला ताशी 72 किमी वेगाने उडावं लागत नाही.

गॅलिलिओने 1632 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जहाजाच्या बंद खोलीतल्या फुलपाखरांचं उदाहरण देऊन हेच समजावलं. 1640 मध्ये पिअर गासेंदीने मार्सेयच्या समुद्रात चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडून पाहिले. ते डोलकाठीच्या पायथ्याशीच पडले. आपल्याकडे आर्यभटाने त्याच्याही हजारभर वर्षं आधी पृथ्वी फिरते हे सांगताना नावेतल्या माणसाचा दाखला दिला आहे. नाव पुढे जाते आणि काठावरच्या स्थिर वस्तू मागे पळताना दिसतात.

वेग एकसारखा असेपर्यंतच हे सगळं लागू पडतं. गाडी वेग घेते तेव्हा उभे प्रवासी मागे झुकतात आणि सगळंच मागे जातं असं आपण धरून चालतो. बंद मोटारीत हेलियमचा फुगा धरून बसा. मोटार वेग घेताना तो पुढे झुकेल आणि ब्रेक लागताच मागे जाईल. आतली हवा मागे रेटली जाते, मागच्या बाजूला दाब किंचित वाढतो आणि हवेपेक्षा हलका फुगा पुढे ढकलला जातो.

आता खिडकीबाहेर. बाहेरची हवा गाडीबरोबर येत नाही, म्हणून वारा शांत असला तरी मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर झोत येतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळाही दुप्पट होतो, हा सर्रास आढळणारा गैरसमज. प्रत्यक्षात तो चौपट होतो. हवेला कापायला इंजिनाला लागणारी शक्ती तर आठपट वाढते. महामार्गावर ताशी 80 वरून 100 वर गेल्यावर पेट्रोल भराभर संपतं, त्याचं मोठं कारण हे आहे.

हाच अडथळा वेफर्सच्या पाकिटाला गाठतो. पाकीट पसरट आणि वजनाला चार-पाच ग्रॅमचं. हवा त्याचा वेग निमिषात हिरावून घेते, ते जवळजवळ जागीच थांबतं आणि गाडी पुढे निघून जाते. आतून पाहणाऱ्याला वाटतं, पाकीट मागे गेलं.

सोललेला नारळ अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. गाडी ताशी 90 किमी वेगाने जात असेल तर तुमच्या हातातला नारळही त्याच वेगाने चाललेला असतो. ढोबळ हिशेबाने पहिल्या सेकंदात हवा त्याचा जेमतेम सातवा हिस्सा वेग कमी करू शकते. ‘मी फेकला नाही, हळूच सोडला’ हे म्हणणं इथे टिकत नाही. हळूच सोडलेला नारळही खाली उभ्या माणसाच्या दृष्टीने सेकंदाला 25 मीटर वेगाने येतो. सुमारे 32 मीटर, म्हणजे दहा मजल्यांवरून पडलेल्या नारळाइतकाच तो फटका. मागच्या दिशेला ताशी 36 किमी वेगाने भिरकावला, तरी पुढे जाण्याचा ताशी 54 किमी वेग त्याच्यात उरतोच.

भाईंदर आणि नायगाव यांच्यामधल्या खाडीत पाणजू बेट आहे. तिथले रहिवासी रेल्वेपुलाच्या कडेने पायी ये-जा करतात. पुलावरून गाडी जाताना खाडीत नारळ आणि निर्माल्य टाकण्याची सवय अनेक प्रवाशांना आहे. सप्टेंबर 2025 मध्ये लोकलमधून असाच आलेला नारळ पुलावरून चाललेल्या एका तरुणाला लागला आणि त्याचा मृत्यू झाला. टाकणाऱ्याच्या मनात श्रद्धाच असेल, पण त्या नारळात गाडीचा वेग होता.

उलट बाजूनेही हिशेब तोच. रुळांजवळून समोरून येणाऱ्या गाडीवर मुलाने ताशी 36 किमी वेगाने दगड मारला आणि गाडी ताशी 90 ने येत असेल, तर दारातल्या प्रवाशाला तो ताशी 126 किमी वेगाने लागतो.

निर्माल्य घराजवळच्या निर्माल्य कलशात द्या, नारळ प्रसाद म्हणून वाटा. धावत्या गाडीतून काहीही बाहेर टाकू नका आणि शेजारी कुणी पिशवी घेऊन दारात उभा राहिला तर त्यालाही थांबवा.