सुतळीने मोजलेला ड्रम

इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाचं जुनं, प्रशस्त घर आहे. लेड झेपेलिन या बँडच्या चौथ्या अल्बमचं बरंचसं ध्वनिमुद्रण तिथे झालं. हा अल्बम नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाला. त्यातल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी जॉन बॉनमचा ड्रम सेट जिन्याच्या पायथ्याशी मांडला आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने वर जिन्यात दोन माइक लावले. तो घुमणारा ठेका आजही जगभरचे ड्रमर अभ्यासतात.

नांदेड-लातूरच्या ज्या मुलांना ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवता वाजवता आपला ठेका नीट टिपून ठेवावासा वाटतो, त्यांना हे आवर्जून सांगायला हवं. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, दोन माइक आणि लॅपटॉप एवढ्यावर चांगलं काम होतं. मात्र मेहनतीचा क्रम असा हवा: आधी खोली, मग ड्रमचं ट्यूनिंग, मग माइकची जागा.

खोली

मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. जाड दगड-मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंती आणि माळवदं माणसांवर कोसळली. त्यानंतर पुनर्वसित गावांत सिमेंटची घरं उभी राहिली आणि एरवीही आता स्लॅबचंच बांधकाम होतं. ही घरं अधिक सुरक्षित आहेत, यापुढे आवाजाचा प्रश्न दुय्यम. पण गिलाव्याच्या गुळगुळीत भिंती आणि फरशी आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की मागून झणझण ऐकू येते. स्नेअरच्या प्रत्येक फटक्यामागे तीच झणझण मुद्रित होते.

उपाय घरातच आहे. आपला मुलूख कापसाचा. कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा, समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर गोधड्या टांगा, सेटखाली सतरंजी घाला. पातळ चादरीने फक्त वरचे, तीक्ष्ण स्वर दबतात. शंभर हर्ट्‌झच्या आवाजाची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, म्हणून किक ड्रमचा घुमारा आवरायला जाडीच लागते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्‌झचे स्वर आपोआप फुगतात. सेट बरोबर मध्यभागी किंवा भिंतीला चिकटून न ठेवता हातभर इकडेतिकडे सरकवून ऐका. किकचा आवाज लगेच बदलतो.

ट्यूनिंग

हलगी वाजवण्याआधी वादक ती जाळावर शेकून घेतो, कारण सैल कातड्यातून कडाडणारा आवाज निघत नाही. ड्रमच्या प्लॅस्टिकच्या स्किनलाही तोच नियम. समोरासमोरचे बोल्ट जोडीने, थोडे थोडे आवळा. प्रत्येक बोल्टजवळ काडीने हलकेच टकटक करून स्वर सारखा आहे का ते पाहा. वरच्याइतकंच लक्ष खालच्या स्किनकडे द्या. टॉम उगाच रेंगाळत असेल तर कडेला चिकटपट्टीचा छोटा तुकडा पुरतो. बेसूर ड्रम महागड्या माइकमधूनही बेसूरच येतो.

माइकची जागा

अँडीचे थोरले भाऊ ग्लिन जॉन्स यांनी लेड झेपेलिनचा १९६९ मध्ये आलेला पहिला अल्बम मुद्रित केला होता. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत साधी आहे. एक माइक स्नेअरच्या वर, साधारण मीटरभर उंचीवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, स्नेअरकडे रोखलेला. दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. इथे सुतळी कामाला येते: एक टोक स्नेअरवर धरायचं, दुसरं आधी एका माइकला आणि मग दुसऱ्याला लावून पाहायचं.

एवढा काटेकोरपणा का? आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन माइकच्या अंतरात मीटरभर फरक पडला तर एकाकडे आवाज जवळजवळ तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की १७१ हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर खोडला जातो. स्नेअरचा भरदारपणा साधारण तिथेच असतो, म्हणून तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो. मुद्रणानंतर दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये ऐका. आवाज भरीव राहिला तर अंतर जमलं.

तिसरा इनपुट असेल तर तिसरा माइक किकला द्या. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, शुअर एसएम-५७ सारख्या डायनॅमिक माइकला लागत नाही. मुद्रण २४ बिटमध्ये ठेवा. ड्रमरला सर्वांत जोरात वाजवायला सांगून गेन असा लावा की कमाल पातळी उणे दहा डेसिबलच्या आसपास राहील. एकदा फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही. पंखा आणि कूलर बंद करा. इन्व्हर्टरची गुणगुण येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा. मुद्रणासाठी ऑडॅसिटी मोफत मिळतं.

ही रीत ड्रम सेटपुरती नाही. माहूरच्या रेणुकादेवीच्या गोंधळात वाजणारा संबळ हेही दोन पुड्यांचं, एक उंच आणि एक खर्ज स्वराचं वाद्य. दोन माइक सारख्या अंतरावर धरले तर दोन्ही पुड्या स्पष्ट येतात. आपल्या भागातल्या वादकांचे हात, त्यांच्या चाली, त्यांची लय जपायची तर मोठ्या शहरातल्या स्टुडिओची वाट पाहत बसू नये. या दिवाळीच्या सुट्टीत घरातली एक खोली रिकामी करा, आपल्या गावातल्या एखाद्या जाणत्या वादकाला मानाने बोलवा आणि त्याचं वाजवणं नीट मुद्रित करून ठेवा.