सजविलेली जुनी मोटार घेण्यापूर्वीं

उमरखेड हें पैनगंगेच्या खोऱ्यांतील तालुक्याचें गांव. कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, एस्. टी. आणि मालमोटारी यांची तेथील रस्त्यांना संवय आहे. अशा रस्त्यावर एखादे दिवशीं ठेंगणी, उघड्या टपाची, लालभडक जुनी स्पोर्ट मोटार आली, तर पेठेंतील माणसें हातचें काम टाकून पाहत राहतील. पाहण्याला पैसा पडत नाहीं. परंतु त्यांच्यापैकीं एखादा तरुण सांठविलेली पुंजी घेऊन तशीच मोटार घ्यावयास मुंबई-पुण्याकडे किंवा हैदराबादकडे निघाला, म्हणजे त्याला दोन शब्द सांगणें अवश्य होतें.

पहिली गोष्ट ही, कीं जुनी मोटार आणि बदललेली जुनी मोटार या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांत तयार झालेली एम्. जी. कंपनीची ‘टी. सी.’ ही दोन आसनांची मोटार घ्या. तिचें इंजिन १२५० घनसेंटिमीटरचें, आणि अंगाचा पत्रा लांकडी चौकटीवर बसविलेला. ती मूळ रूपांत असली तर तिचें मोल जुन्या वस्तूचें असतें. तिच्यांत परकें इंजिन आणि नवीं रुंद चाकें घातलीं कीं तें मोल राहत नाहीं. आपल्याकडे तर बहुधा मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत झालेल्या फियाट अथवा पद्मिनी मोटारीचें टप कापून, तिला रंग देऊन, ती ‘क्लासिक स्पोर्ट’ म्हणून पुढें केली जाते. सजावटीवर झालेला सर्व खर्च विकणारा किंमतींत धरतो. पण दुसऱ्याची हौस विकत घेण्याचें घेणाऱ्यावर बंधन नाहीं. काढलेले मूळ भाग मात्र त्यानें अवश्य मागून घ्यावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. ‘ही विंटेज आहे, हिला कसली अडचण?’ असें नवशिक्याला हमखास सांगण्यांत येतें. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेल्या मोटारीला विंटेज म्हणून नोंद मिळते. परंतु सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात, नोंद दहा वर्षें चालते, आणि अशी मोटार रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शनें, मिरवणुकी, इंधन व देखभाल एवढ्यापुरतीच तिला मोकळीक आहे. म्हणजे जी मूळची आहे ती रोज फिरवितां येत नाहीं, आणि जी बदललेली आहे तिला विंटेज म्हणतां येत नाहीं.

बदललेल्या मोटारीला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम लागू पडतें. कारखानदारानें ठरविलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीचा तपशील वेगळा होईल असा फेरबदल करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केलें. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें बेकायदा फेरबदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. शिवाय खासगी मोटारीची नोंद पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवावी लागते. मनाप्रमाणें केलेली सजावट त्या तपासणींत अडकते.

तिसरी गोष्ट यंत्राची, आणि तीच जिवाशीं गांठ असणारी. पद्मिनीचें मूळ इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, सुमारें ४० अश्वशक्तीचें. तिचे ब्रेक, आंस, गिअर आणि पाणी थंड करणारा रेडिएटर हे सर्व त्याच शक्तीच्या हिशेबानें घडविलेले. वेग दुप्पट झाला कीं मोटारींतील गतीची शक्ति चौपट होते, आणि ती सारी ब्रेकलाच जिरवावी लागते. म्हणून जोरदार इंजिन घालून ब्रेक जुनेच ठेवले असतील, तर ती मोटार धांवेल झकास, पण वेळेवर थांबणार नाहीं. ‘इंजिन कोणतें घातलें?’ या प्रश्नामागोमाग ‘ब्रेक कोणते घातले?’ हा प्रश्न आलाच पाहिजे.

टप कापलेल्या मोटारीबद्दल विशेष सावध असावें. पद्मिनीला निराळा सांगाडा नाहीं. तळ, खांब आणि टप मिळूनच तिचें बळ होतें. टप काढून खालून पुरेसा आधार दिला नसेल तर मोटार मधोमध वांकते. परीक्षा सोपी आहे. एका बाजूस जॅक लावून ती उचलावी आणि दारें उघडून पाहावीं. दार अडकलें किंवा फट कमीजास्त झाली, तर ती मोटार सोडून द्यावी. पत्र्यावर कापडांत गुंडाळलेला लोहचुंबक फिरवावा; जेथें तो धरत नाहीं तेथें रंगाखालीं पुट्टी आहे असें समजावें. इंधनाच्या रबरी नळ्याही पाहाव्या, कारण हल्लींच्या पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें आणि जुनें रबर त्यानें लवकर खराब होतें. हें सर्व पाहण्यास स्वतःचा मिस्त्री बरोबर न्यावा. विकणाऱ्याचा मिस्त्री विकणाऱ्याचाच असतो.

शेवटीं कागद. इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं अक्षरशः जुळवावा. रंगही त्यांत नोंदलेला असतो, तो पाहावा. मोटार परराज्यांतील असेल तर तेथील कार्यालयाचें ना-हरकत पत्र हातीं आल्याखेरीज पूर्ण पैसे मोजूं नयेत. इकडे यवतमाळच्या परिवहन कार्यालयांत तिची नोंद होऊन ‘एम्. एच्. २९’ चा क्रमांक पडावयाचा, तो त्याच पत्रावर. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवावा. बदल लपविला आणि रस्त्यावर कोणी जखमी झालें, तर भरपाईचा बोजा घरादारावर, शेतीवर येऊन पडण्याचा धोका आहे.

आणि मोटार उमरखेडास आल्यावर काय? वैशाखांतील ऊन रेडिएटरची परीक्षा घेईल, आणि गतिरोधक तिच्या ठेंगण्या पोटाची. सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत ती गोठ्याशेजारीं उभी राहील. म्हणून सगळी पुंजी खरेदींत न घालतां दुरुस्तीसाठीं वेगळी रक्कम राखावी. एवढें करूनही जिचे कागद स्वच्छ, बदल नियमांत बसणारे आणि ब्रेक इंजिनाच्या तोडीचे अशी मोटार मिळाली, तर ती खुशाल घ्यावी. हौसेला मोल नाहीं हें खरें. पण हौसेच्या पायीं शेत गहाण पडूं नये.