'विल हॅव बीन'चा बागुलबुवा

इंग्रजीच्या बारा काळांच्या तक्त्यात अगदी शेवटच्या चौकटीत बसलेला फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस, म्हणजे चालू पूर्ण भविष्यकाळ, क्लासात बहुधा घाईघाईनेच उरकला जातो. व्याख्या काय, तर 'भविष्यात बराच वेळ चालू राहणारी क्रिया'. घोटाळा इथूनच सुरू होतो.

क्रिया कधी घडणार, हे सांगणं या काळाचं कामच नाही. पुढच्या एखाद्या क्षणी ती सुरू होऊन किती वेळ झालेला असेल, एवढंच तो मोजतो. क्रिया आज चालू असेल, कदाचित आपल्या पणजोबांच्याही आधी सुरू झालेली असेल. बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली ती 16 एप्रिल 1853 रोजी. मोजणीचा खुंटा आता पुढे रोवा: 'बाय एप्रिल 2053, ट्रेन्स विल हॅव बीन रनिंग टू ठाणे फॉर टू हंड्रेड इयर्स.' यात नव्याने सुरू होणारं काहीच नाही. भविष्यात आहे तो फक्त खुंटा. कल्याणला रेल्वे मे 1854 मध्ये पोचली, म्हणून कल्याणकरांच्या वाक्यात 2054.

साचा सोपा आहे: विल, हॅव, बीन आणि 'आयएनजी' लावलेलं क्रियापद. 'ही' किंवा 'शी' आलं की हात आपोआप 'हॅज'कडे जातो; पण 'विल'च्या मागे क्रियापदाचं मूळ रूपच येतं. 'ही विल हॅज बीन' कधीही चूकच. 'आय' आणि 'वी'ला 'शॅल'च हवं, हा आग्रह जुन्या पुस्तकांचा; आता 'विल' सर्रास चालतं.

खरी गंमत 'बाय द टाइम'ची. वाक्य भविष्याचं, मग दोन्हीकडे 'विल' हवं असं वाटतं. डोंबिवलीला धीम्या लोकलमध्ये चढून शेवटपर्यंत उभ्याने जाणारा म्हणेल: 'बाय द टाइम वी रीच सीएसएमटी, आय विल हॅव बीन स्टँडिंग फॉर ओव्हर ॲन अवर.' पहिल्या भागात साधा वर्तमानकाळ, नुसतं 'रीच'. आणि 'सिन्स ॲन अवर' तर नकोच. आपण 'तासाभरापासून' म्हणतो, म्हणून जीभ तिकडे वळते. इंग्रजीत कालावधीला 'फॉर' लागतं.

तोच प्रवासी उभ्या उभ्या पुस्तक वाचत असेल, तर? किती वेळ वाचतोय हे सांगायचं असेल तर 'विल हॅव बीन रीडिंग'. किती प्रकरणं संपली हे सांगायचं असेल तर 'बीन' गळतं: 'आय विल हॅव रेड टू चॅप्टर्स'. 'नो', 'ओन' यांसारखी स्थिती दाखवणारी क्रियापदंही हा चालू अवतार घेत नाहीत. मैत्रीला दहा वर्षं होणार असतील, तरी 'विल हॅव नोन'च म्हणायचं.

हा काळ नेहमी भविष्याबद्दलच बोलतो, हेसुद्धा पुरतं खरं नाही. 'यू विल हॅव बीन वंडरिंग व्हाय द ट्रेन इज लेट' म्हणजे 'गाडी का रखडली, असा विचार तुम्ही एव्हाना करत असाल'. हा आत्ताचा अंदाज आहे. आपण 'असाल' म्हणतो, तेव्हा भविष्याच्या रूपातून हेच करत असतो.

राहता राहिला प्रयोग. सगळ्या काळांचं कर्मणी रूप करता येतं, अशा समजुतीने काही मुलं 'द ब्रिज विल हॅव बीन बीइंग रिपेअर्ड फॉर अ इयर' असं लिहून मोकळी होतात. व्याकरणात ते कसंबसं बसवता येतं, पण बोलण्यालिहिण्यात जवळजवळ कधी आढळत नाही. त्यापेक्षा 'द ब्रिज विल हॅव बीन अंडर रिपेअर फॉर अ इयर' लिहावं. पूल एवढ्यात खुला होत नाही, हे त्यातूनही कळतं.