खळ्यांचा हिशेब

शाळेला सुट्टी लागली की माझी भाची मुक्कामाला येते आणि घरातले खण उचकते. परवा तिला गोल्फचा एक जुना चेंडू सापडला. स्केचपेन घेऊन ती त्यावरच्या खळ्यांत ठिपके देत बसली, रांगोळीचेच ठिपके जणू!

"मामा, प्रत्येक खळीला सहा शेजारी आहेत. पण हिला पाचच!"

"नीट मोज," पेपरातून डोके न काढता मी म्हणालो.

तिने पुन्हा मोजले. पाचच. मी तिला 'धांदरट' म्हणालो आणि तिचा चेहरा उतरला. शेवटी चष्मा लावून मीच मोजले. पोरगी बरोबर होती!

मग मलाच चैन पडेना. पुस्तके काढली. एकोणिसाव्या शतकात गटापर्चा या झाडाच्या चिकापासून गोल्फचे गुळगुळीत चेंडू बनू लागले. गंमत अशी, की मार खाऊन ओरखडलेले जुने चेंडूच नव्यांपेक्षा लांब जात! पुढे १९०५ साली इंग्लंडच्या लेस्टर गावचे विल्यम टेलर यांनी खळ्यांच्या चेंडूचे पेटंट घेतले. गुळगुळीत चेंडूला हवा लवकर सोडून जाते आणि मागे राहिलेला भोवरा त्याला मागे ओढतो. खळ्यांमुळे चेंडूलगतची हवा घुसळली जाते, पाठीला अधिक वेळ चिकटून राहते आणि ही ओढ जवळपास निम्म्यावर येते.

आता प्रश्न तीनशे ते पाचशे खळ्या मांडायच्या कशा, हा. सपाट अंगणात प्रत्येक ठिपक्याभोवती सहा ठिपके बिनतक्रार बसतात. गोलावर मात्र नाही. अठराव्या शतकातील स्विस गणिती ऑयलर यांच्या सूत्रातून निघते, की शेजारच्या तीन-तीन ठिपक्यांचे त्रिकोण जुळवत गोल झाकला, तर शेजाऱ्यांची एकूण तूट बाराच भरते. पाच शेजाऱ्यांचे बारा ठिपके घ्या, नाहीतर चार शेजाऱ्यांचे सहा. तूट चुकत नाही! वीस समभुज त्रिकोणांच्या घनाकृतीला बाराच कोपरे असतात. म्हणून कित्येक चेंडूंची आखणी तिच्यावर बेतलेली असते. तूट टळत नाही, पण ती चहूकडे सारखी वाटता येते.

ही वाटणी मुद्दाम बिघडवली तर? १९७०च्या दशकात अमेरिकेत 'पोलारा' नावाचा चेंडू आला. त्याच्या कमरेच्या पट्ट्यात खळ्या खोल आणि दोन्ही टोकांना उथळ होत्या. त्यामुळे वाकडा फटकाही बराचसा सरळ जाई. मग खेळणाऱ्याचे कौशल्य ते काय राहिले? तिथल्या गोल्फ संघटनेने १९८१ मध्ये नियमच केला, की चेंडू कोणत्याही बाजूने मारला तरी सारखाच वागला पाहिजे. खळ्यांच्या मांडणीवर खेळाचा न्याय अवलंबून होता तर!

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून पाच शेजाऱ्यांच्या खळ्या शोधून लाल केल्या. बरोबर बारा भरल्या.

"म्हणजे मी चुकले नव्हते ना?" तिने विचारले.

"नाही गं. न मोजता बोललो, तो मी चुकलो."

तिने चेंडू माझ्या हातात दिला. "मग आता तू मोज," म्हणाली. मी मुकाट्याने मोजायला बसलो.