दिवस राहिले तरी पंप सुरूच ठेवा

दिवस राहिले की घरचे आधी औषधं थांबवायला सांगतात. दम्याच्या बाबतीत हा सल्ला फार घातक आहे. आईला धाप लागून तिच्या रक्तातला ऑक्सिजन उतरला, की वारेतून बाळाला मिळणाराही कमी पडतो. दमा आटोक्यात नसेल तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचं बाळ आणि आईचा रक्तदाब वाढणं, हे सगळे धोके वाढतात. त्यापुढे पंपाची (इनहेलरची) भीती अगदी छोटी: औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट फुप्फुसात जातं, रक्तात थोडंच उतरतं. त्यातही गरोदरपणातला सर्वाधिक अनुभव बुडेसोनाइड या पंपातल्या औषधाचा आहे.

गरोदरपणात साधारण एक तृतीयांश स्त्रियांचा दमा वाढतो, तेवढ्याच जणींचा कमी होतो, बाकीच्यांचा होता तसाच राहतो. म्हणून दर तपासणीला श्वासाची चौकशी व्हायलाच हवी.

थोडी धाप या काळात साहजिक असते. पण छातीत शिट्टीसारखा आवाज येणं, पहाटे खोकल्यानं जाग येणं ही दम्याची लक्षणं. एक वाक्यही सलग बोलता येईना, किंवा ऑक्सिमीटर ९५च्या खाली गेला, तर थेट रुग्णालय गाठा.

चुलीचा आणि मच्छर कॉइलचा धूर टाळा. फ्लूची लस गरोदरपणातही घेता येते. प्रसूतीसाठी दाखल होताना दम्याचं आवर्जून सांगा. रक्तस्राव थांबवणारं कार्बोप्रोस्ट आणि रक्तदाबासाठीचं लॅबेटॅलॉल अशा रुग्णांना शक्यतो देत नाहीत.