भरती आली की रोहित कुठे जातात?

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला ठाणे खाडीवर निघालेल्यांना मी नेहमी सांगतो, दुर्बीण नंतर शोधा, आधी तिथी पाहा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, आणि सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा दुसरी. रोहितांचा दिनक्रमही याच हिशेबानं चालतो.

ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो. तेच त्यांचं ताट. वाकडी चोच उलटी धरून ते चिखलपाणी आत ओढतात आणि जिभेनं बाहेर ढकलतात; चोचीतली बारीक जाळी अन्न तेवढं अडवून ठेवते. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, मोठा रोहित बारीक कवचधारी जीव वेचतो. म्हणून दोघांची पंगत एकाच खाडीत बसू शकते.

भरतीला हे ताट पाण्याखाली जातं. मग थवेच्या थवे उठतात आणि नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाणथळींत जाऊन उभे राहतात. पाणी ओसरेपर्यंत तिथं विसावा घ्यायचा आणि मग पुन्हा खाडीत परतायचं.

खरा प्रश्न इथंच आहे. २०१५ साली खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. ताट सुरक्षित झालं; पण विसाव्याच्या या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिल्या. पाणथळ म्हणजे पडीक जागा, अशी आपली समजूत. जवळ दुसरा विसावा नसेल, तर दमलेल्या पक्ष्यांनी जायचं कुठे?

नेरूळच्या डीपीएस तलावाचं उदाहरण घ्या. २०२४ साली तिथं खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्याची तक्रार पक्षिप्रेमींनी लावून धरली. २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळानं या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. ही आनंदाची गोष्ट. मात्र कागदावरचा दर्जा तलाव जिवंत ठेवत नाही, तो जगतो भरतीच्या पाण्यावर. म्हणून पाण्याच्या वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत, आणि उरलेल्या पाणथळींनाही असंच संरक्षण मिळालं पाहिजे.

घर म्हणजे नुसतं स्वयंपाकघर नव्हे. पाठ टेकायला जागाही लागते. पाखरांचंही तसंच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)