जपानवरच्या परिषदेला कळंबहून काय घेऊन जायचं?

'समकालीन जपानी समाज आणि संस्कृती' अशा विषयावरच्या परिषदेसाठी पेपर मागवले की आपल्याकडची मुलं दोन गोष्टी म्हणतात. आपल्याला जपानी येत नाही आणि आपण जपान पाहिलेला नाही. दोन्ही अडचणी खऱ्याच. पण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाकारलं जाण्याचं तिसरं, जास्त मोठं कारण असतं. त्यात विषय असतो, प्रश्न नसतो.

आधी एक जुनं उदाहरण

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका आली. हे विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये सुरू केलं होतं. कर्व्यांनी तोवर जपान पाहिला नव्हता. पण त्यांच्यापाशी प्रश्न तयार होता: आपल्या मुलींना, आपल्या परिस्थितीत, कोणत्या पद्धतीने उच्च शिक्षण देता येईल? डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ते सुरू झालं. तेच आजचं एसएनडीटी.

आता यातून आपला प्रश्न काढू. 'चांगली पत्नी, शहाणी आई' हा त्या काळच्या जपानी स्त्रीशिक्षणाचा आदर्श होता. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाचे विषय घेताना तो आदर्शही इकडे आला का? किती आला? हा पेपरचा प्रश्न झाला. आणि त्यासाठी कर्व्यांचं १९३६ चं 'लुकिंग बॅक' तुम्हाला वाचता येतं.

आजचं उदाहरण: रिकामी घरं

जपानमध्ये रिकाम्या घराला 'आकिया' म्हणतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत अशी सुमारे ९० लाख घरं निघाली, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के. आकडा वाचला की आपण लगेच लिहितो, 'जपानची खेडी ओस पडली.' जरा थांबा. या ९० लाखांत भाड्याने द्यायची, विकायला काढलेली आणि सुट्टीपुरती वापरली जाणारी घरंही आहेत. ती वगळली तर साधारण ३८ लाख उरतात. शिवाय रिकामी घरं शहरांतही असतात.

समजा, तुम्हाला याची तुलना आपल्या इंदापूर तालुक्याशी करायची आहे. आपल्या २०११ च्या जनगणनेतही रिकाम्या घरांची नोंद आहे. पण जनगणनेच्या भाषेत 'घर' म्हणजे फक्त राहतं घर नव्हे. दुकान, ऑफिस, गोदाम हेही त्यात येतं. आणि माणसं पुण्याला कामाला गेलीत, दाराला कुलूप आहे, यात्रेला घर उघडतं, तर ते घर 'रिकामं' धरत नाहीत, 'कुलूपबंद' म्हणून वेगळं मोजतात. म्हणजे दोन्हीकडचे टक्के शेजारी शेजारी मांडले तर आपण लिटर आणि किलो एकत्र मोजतोय. सायन्सवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. चुकीची तुलना छापली गेली तर ती जपानबद्दल खोटं सांगतेच, आपल्या गावाबद्दलही सांगते.

पण हीच अडचण चांगला प्रश्न होऊ शकते: घर 'रिकामं' कधी म्हणायचं हे दोन देश कसं ठरवतात, आणि त्यामुळे स्थलांतराचं चित्र कसं बदलतं?

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट लिहिताना

- पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न येऊ द्या. जपानच्या गौरवशाली इतिहासाने सुरुवात नको.
- साधनं नेमकी सांगा: कोणती पाहणी, कोणतं वर्ष, कोणता दस्तऐवज. जपानच्या सरकारी आकडेवारीचा बराच भाग 'ई-स्टॅट' या संकेतस्थळावर इंग्रजीतही मिळतो.
- फक्त इंग्रजी साधनं वापरली असतील तर तसं स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही. लपवलं तर मात्र पहिल्याच प्रश्नाला पंचाईत होते.
- हाती काय लागलं ते एका वाक्यात सांगा. काम अर्धं असेल तर 'प्राथमिक निरीक्षण' म्हणा.

जपानी भाषा हळूहळू शिकता येईल. तोवर आपल्या गल्लीतली कुलपं मोजायला सुरुवात करा. प्रत्येक कुलपासमोर एकच रकाना ठेवा: हे घर शेवटचं कधी उघडलं होतं?